सरळ तारेचा वाकडा हिशेब

माणसाला घरात एक तरी गोष्ट अशी लागते, की जी कधीच पुरी होत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत ती गोष्ट म्हणजे गावच्या जमिनीचा दावा. वडिलांच्या पिढीत घराचं बांधकाम. आमच्या पिढीला कोर्टात जायला सवड नाही आणि बांधकाम बिल्डरच पुरं करत नाही, म्हणून आम्ही ‘सिस्टिम’ घेतली आहे. सिस्टिम म्हणजे गाणं ऐकायची यंत्रणा. पूर्वी हिला ग्रामोफोन म्हणत, मग रेडिओग्राम, मग स्टीरिओ. तिथपर्यंत ठीक होतं, कारण ती सगळी एकेका नगाची नावं होती. सिस्टिम हा नग नव्हे. ते एक खातं आहे. आणि या खात्याचं वैशिष्ट्य असं, की त्यात फक्त नावे पडतं, जमा काही होत नाही.

या खात्यातली सर्वांत जाड रक्कम हल्ली ॲम्प्लिफायरच्या नावाने पडते. माझी तक्रार ॲम्प्लिफायरविरुद्ध नाही. तो बिचारा कपाटात बसून मुकाट्याने तापत असतो. माझी तक्रार आहे ती दर दोन वर्षांनी तो बदलायला लावणाऱ्या लोकांविरुद्ध. या लोकांना मी सुधारक म्हणतो. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तो समाज सुधारण्यासाठी. आमच्या या सुधारकांना समाजाचं काही पडलेलं नाही. त्यांना फक्त तुमचा ॲम्प्लिफायर सुधारायचा असतो. ‘अपग्रेड’ हा त्यांचा मूलमंत्र. बँकेत माणूस अपग्रेड व्हायला दहा-बारा वर्षं लागतात आणि मग त्याची गडचिरोलीला बदली होते. ॲम्प्लिफायरचं मात्र दर दिवाळीला प्रमोशन.

त्यातही सुधारकांचा ओढा विभक्त कुटुंबाकडे. साधा ॲम्प्लिफायर म्हणजे एकत्र कुटुंब. पेटी एकच. आवाज कमीजास्त करणारा, गाण्याचं उगमस्थान निवडणारा पुढचा भाग आणि स्पीकरला जोर पुरवणारा मागचा भाग, दोघं एका चुलीवर जेवतात. सुधारक पहिल्यांदा हे घर फोडतो. पुढचा भाग वेगळ्या पेटीत घालायचा, तो प्रीॲम्प. मागचा वेगळ्या पेटीत, तो पॉवर ॲम्प. ‘आम्ही आता प्रीॲम्प वेगळा केला’ हे वाक्य हे लोक ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात पूर्वी ‘थोरल्याने वेगळं बिऱ्हाड केलं’ असं सांगत. एवढ्याने भागत नाही. मग पॉवर ॲम्पचीही वाटणी होते. डाव्या स्पीकरला एक पेटी, उजव्या स्पीकरला एक पेटी. भावाभावांत भिंत घातल्याचा इतका ढळढळीत पुरावा समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनासुद्धा मिळायचा नाही.

आता ॲम्प्लिफायरचं काम काय, ते पाहू. त्याच्याकडे एक बारीकसा विद्युत्संदेश येतो. त्याने तो आहे तसाच, पण मोठा करून स्पीकरकडे पाठवायचा. बस्स. इंग्लंडात क्वाड नावाचे ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या पीटर वॉकर यांच्या नावावर एक व्याख्या सांगितली जाते. तिचा मथितार्थ असा, की आदर्श ॲम्प्लिफायर म्हणजे एक सरळ तार, फक्त जोर वाढवणारी. म्हणजे तो स्वतः कुठे दिसता कामा नये. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तो कॅशियर आहे. स्लिपवर लिहिलं असेल तेवढंच त्याने द्यायचं. कॅशियरचं व्यक्तिमत्त्व नोटांत उतरायला लागलं, तर त्याला आम्ही कला म्हणत नाही, अफरातफर म्हणतो.

पण सुधारकांना ॲम्प्लिफायरमध्ये व्यक्तिमत्त्व हवं असतं. ‘हा जरा ऊबदार आहे.’ ‘त्याच्यात हवा आहे.’ ‘याची पार्श्वभूमी काळीकुट्ट आहे.’ मुलगी दाखवायला आणल्यावर पूर्वी लोक जसे बोलत, तसे हे लोक पेटीसमोर बसून बोलतात. एका सुधारकाने मला त्याच्या नव्या प्रीॲम्पचं वर्णन ‘पहिल्यांदा अबोल, पण नंतर खुलत जाणारा’ असं केलं होतं. मी विचारलं, ‘पत्रिका जुळते का?’ तो म्हणाला, ‘पॉवर ॲम्पशी जुळायला पाहिजे, तोच तर प्रश्न आहे!’

वास्तविक सरळ तारेचा हा प्रश्न फार पूर्वी सुटला आहे. हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा अमेरिकन टेलिफोन इंजिनियर १९२७ साली हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जात होता. जाता जाता त्याला एक कल्पना सुचली आणि ती त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच खरडली. कल्पना अशी, की ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत आणायचा, म्हणजे मूळ आणि नक्कल यांच्यातली चूक आतल्या आतच दुरुस्त होते. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासायची, त्यातलाच हा प्रकार. त्याच तत्त्वावर विल्यमसन नावाच्या इंजिनियराने १९४७ साली एका इंग्रजी मासिकात ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. त्यातली विकृती शेकडा एक दशांशाहून कमी होती. म्हणजे १९४७ साली आपण परकीय सत्तेपासून मुक्त झालो आणि ॲम्प्लिफायर अशुद्धतेपासून. आपलं पुढे काय झालं ते सोडून द्या. ॲम्प्लिफायर सुधारतच गेला. १९७८ साली एनएडी कंपनीचा ३०२० हा २० वॅटचा, दिसायला शाळामास्तरासारखा साधा ॲम्प्लिफायर आला आणि स्वस्त असूनही जगभर नावाजला गेला. आज तर काही हजार रुपयांत तळहाताएवढी पेटी मिळते, आणि ती विल्यमसनच्या ट्रंकेएवढ्या यंत्रापेक्षा शुद्ध वाजते.

प्रीॲम्पची हकीकत आणखी मजेची. तबकडीच्या सुईतून येणारा विद्युत्दाब पाच मिलिव्होल्टच्या घरातला. त्याला पॉवर ॲम्पच्या दारात कोणी उभं करत नसे. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार सप्तक मुद्दाम चढवलेलं असे; वाजवताना ते उलट करून घ्यावं लागे. या चढउताराचा एकच नियम अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघाने १९५४ साली ठरवला. ही दोन्ही कामं प्रीॲम्प करी. तेव्हा त्याला पगार होता आणि त्या पगाराला काम होतं. मग १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिच्या यंत्रातून थेट दोन व्होल्ट बाहेर पडतात, आणि बहुतेक पॉवर ॲम्पना पुरा आवाज काढायला एक ते दोन व्होल्ट पुरतात. म्हणजे आता जोर वाढवायची गरजच उरली नाही. उलट, आपण घरात बटण अर्ध्याच्या खाली ठेवून ऐकतो, तेव्हा आलेला जोर कमी करायचा असतो. थोडक्यात, ज्याने वाढवायचं तो आता कमी करतो, आणि कमी करण्याचे तीन लाख रुपये घेतो. मूळ काम संपल्यावरही खातं चालू ठेवण्याची ही हातोटी मी फक्त सरकारी महामंडळांत पाहिली आहे.

आता वॅटचा हिशेब. मी कॉमर्सचा माणूस. मला वीज कळत नाही, पण बेरीज-वजाबाकी कळते. सुधारक ५० वॅटचा काढतो आणि १०० वॅटचा आणतो. किंमत दुप्पट, वजन दुप्पट, वर कपाटाची फळी वाकते ती वेगळी. आवाज किती वाढला? तीन डेसिबल. म्हणजे ‘जरासा वाढला वाटतं’ इतकाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, आणि दहा डेसिबलला दहापट वॅट. म्हणजे ५० चे ५०० करायचे, तेव्हा कुठे शेजारी दुप्पट चिडणार. बरं, हे वॅट वापरतो कोण? मध्यम प्रतीचा स्पीकर एका वॅटमध्ये एका मीटरवर सुमारे ९० डेसिबलचा आवाज काढतो. आपण घरात ऐकतो ते ७०-७५ वर. सरासरी एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. तबल्यावर एखादी सणसणीत थाप पडली, की क्षणभर शंभरपट जोर लागतो, हे खरं. म्हणून गंगाजळी हवी. पण गंगाजळी म्हणून ५० वॅट पुरेसे असताना २५० वॅटचा राक्षस पाळायचा, म्हणजे महिन्याला एक चेक फाडणाऱ्याने शंभर पानी चेकबुक मागण्यासारखं आहे.

आणि अशुद्धतेचं म्हणाल तर तिचाही हिशेब मांडू. बऱ्यापैकी ॲम्प्लिफायरमधली विकृती शेकडा एक शतांश, म्हणजे शंभर रुपयांमागे एक पैसा. स्पीकर खर्जात शिरला, की त्याची विकृती शेकडा एक किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे शंभराला एक रुपया. आता ज्या शाखेत रोज रुपयाचा फरक येतो, तिथे पैशाचा फरक शोधायला कोणी ऑडिटर बोलावतो का? सुधारक बोलावतो. ऑडिटरची फी तीन लाख.

स्पीकरच्या वरताण खोली. मुंबई-पुण्यात ज्या खोलीला आपण हॉल म्हणतो, ती बहुधा दहा बाय बारा. तुम्हाला वाटतं तुम्ही सिस्टिम ऐकता. खर्जाच्या बाबतीत तुम्ही प्रामुख्याने खोली ऐकत असता. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ च्या आसपासचा. भिंतीला टेकून बसलात तर डग्गा छातीवर आदळतो, खोलीच्या मधोमध बसलात तर तोच डग्गा गावाला जातो. हा फरक सहज दहा-पंधरा डेसिबलचा. दोन चांगल्या ॲम्प्लिफायरमधला फरक एक दशांश डेसिबलचा. पण खुर्ची दोन फूट पुढे सरकवणं आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणं याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे सुधारकाला त्यात रस नाही. उघड्या फरशीवर सतरंजी घातली, समोरच्या भिंतीवर जाड पडदा लावला, तर वरच्या सुरांचा खणखणाट निवतो. पण सतरंजीचं माहितीपत्रक निघत नाही, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला सोन्याचा मुलामा दिलेली भोकं नसतात.

शिवाय आपल्या घराची म्हणून काही शांतता असते. डोक्यावर पंखा फिरतोय, खाली भाजीवाला ओरडतोय, स्वयंपाकघरात कुकर तिसऱ्या शिट्टीच्या तयारीत आहे, आणि या मैफलीत सुधारक सांगतोय, ‘याची पार्श्वभूमी काळीकुट्ट आहे, ११० डेसिबल!’ म्हणजे ॲम्प्लिफायरची स्वतःची कुजबुज गाण्याच्या ११० डेसिबल खाली आहे. असेलही. पण पंख्याची कुजबुज तिच्या कितीतरी वर आहे, त्याचं काय? काही सुधारक ‘ए’ वर्गाचा ॲम्प्लिफायर घेतात. त्याचा स्वभाव असा, की गाणं चालू असो वा नसो, तो सारखी वीज खातो आणि शेगडीसारखा तापतो. मे महिन्यात मुंबईला हा लावला, की एअरकंडिशनर लावावा लागतो, आणि एअरकंडिशनर लावला की गाणं ऐकू येत नाही. मग आवाज वाढवायला आणखी मोठा ॲम्प्लिफायर. सरकारी पंचवार्षिक योजनांना असा सुंदर घाट कधी आला नाही.

आणि हे सगळं कोणत्या कानांसाठी? सुधारक बहुधा पंचेचाळिशीच्या पुढचा, कारण त्याआधी घराचे हप्ते फिटत नाहीत. चाळिशी डोळ्यांना लागते तशी कानांनाही लागते. फक्त तिचा चष्मा मिळत नाही. या वयात पंधरा किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही. ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात मात्र १०० किलोहर्ट्झपर्यंतची हमी. १०० किलोहर्ट्झ वाघळांना ऐकू येतं. घरात वाघळं असतील तर त्यांच्या संगीतशिक्षणाची सोय झाली म्हणायची.

यावर सुधारक एकच उत्तर देतो: ‘पण मला फरक ऐकू येतो!’ हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. त्याला खरोखरच ऐकू येतो. पण तो पेटीतून येतो की पावतीतून, हा प्रश्न आहे. बँकेत चेकवरची सही तपासताना आम्ही नमुन्याची सही पुढे घेतो आणि फक्त सहीला सही लावून बघतो. समोरच्या माणसाचा कोट, अंगठी, मोटार यांकडे बघून सही पास करणारा क्लार्क लवकरच चौकशीला तोंड देतो. सुधारक नेमका कोट बघून सही पास करतो. शिवाय दुसरी एक मेख आहे. एकच गाणं किंचित मोठ्याने लावलं, तर ते मोठं वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. महाग पेटी केसभर मोठ्याने लावण्याची कला ज्या दुकानदाराला साधली, त्याला दुसरं काही शिकायची गरज नाही. म्हणून तुलना करायची तर दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा हवा, आणि कोणती पेटी चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नको.

अशा परीक्षा झालेल्या आहेत, आणि त्या अमेरिकेत झाल्या, जिथे हा रोग आपल्या आधी पोचला. १९८५ साली बॉब कार्व्हर नावाच्या ॲम्प्लिफायर बनवणाऱ्याने ‘स्टीरिओफाइल’ या मासिकाला आव्हान दिलं: तुम्हाला आवडेल तो महागडा ॲम्प्लिफायर आणा, मी माझा स्वस्तातला हुबेहूब त्याच्यासारखा करून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून तो दोघांच्या आवाजांची वजाबाकी करत राहिला. ती शून्याजवळ आणली आणि संपादकांना ऐकायला बसवलं. त्यांना फरक सापडला नाही, आणि तसं त्यांनी छापलंही. पुढे जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ने सहा ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवले. सर्वांत स्वस्त सुमारे २२० डॉलरचा, सर्वांत महाग १२,००० डॉलरचा. ऐकणाऱ्यांत फरक मानणारेही होते आणि न मानणारेही. निकाल? नाणं उडवून जो लागला असता तोच. मानणारे आणि न मानणारे दोघेही सारखेच नापास. दोन पक्षांचं इतकं एकमत लोकसभेतही पगारवाढीखेरीज होत नाही.

न्यायाला धरून बोलायचं तर काही ठिकाणी ॲम्प्लिफायर बदलणं योग्य असतं. हॉल खरोखरच मोठा असेल आणि स्पीकर दांडगट, तर २० वॅटचा दम तुटतो आणि आवाज फाटतो. तिथे मोठा घ्यावा. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा आवाज वेगळा लागतो हेही अनेकदा खरं, कारण तो स्पीकरच्या कलाने थोडा वाकतो. तो कुणाला आवडत असेल तर जरूर घ्यावा. फक्त त्याला शुद्धता म्हणू नये, फोडणी म्हणावं. पण ‘सिस्टिममध्ये गुंजारव येतो’ म्हणून प्रीॲम्प बदलणाऱ्याने आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासावं. बटण फिरवताना खरखर होत असेल, तर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, काही शे रुपयांत सफाईचा फवारा मिळतो.

एवढं सगळं मी शांतपणे सहन केलं असतं. लोक पैसे उडवतात, त्यांचे ते उडवतात. पण गेल्या वर्षी आमच्या इमारतीतले एक निवृत्त काका माझ्या काउंटरवर आले आणि मुदत ठेव मोडायचा फॉर्म मागू लागले. ठेव सव्वातीन लाखांची, मुदत संपायला चौदा महिने बाकी, मोडली तर व्याज कापलं जाणार. आमच्याकडे मुदतीआधी ठेव मोडायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला एकदम काही विचारायचं नसतं. बहुधा घरात आजारपण असतं. मी हळूच विचारलं, ‘काका, काकूंची तब्येत...?’

‘तिला काय धाड भरलीय? प्रीॲम्प घेतोय रे. दुकानदाराने आठ दिवस घरी ऐकायला दिलाय. चार दिवस राहिले.’

‘काकूंना माहीत आहे?’

‘पेटी दिसली तिला. किंमत नाही दिसली.’

मी म्हटलं, ‘काका, ठेव कुठे पळून जात नाही. आधी सही तपासू, मग चेक पास करू.’ आणि रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही परीक्षा मांडली. काकांचा जुना प्रीॲम्प आणि नवा प्रीॲम्प, दोघांवर मिळून एक सोलापुरी चादर. मधे एक बदलाबदलीचा खटका. एकच स्वर लावून, स्पीकरच्या टोकांवर मीटर धरून दोघांचा दाब शेकडा एकपेक्षा कमी फरकाने जुळवला. काकूंना मागे बसवलं. त्यांनी नाणं उडवायचं, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा, आणि वहीत लिहायचं. काकांनी समोर बसून सांगायचं. सोळा फेऱ्या. बारा बरोबर आले तर योगायोग म्हणता येणार नाही, असं आधी ठरलं.

काकांनी हिराबाई बडोदेकरांच्या एका जुन्या रेकॉर्डिंगमधली सुरुवातीची चाळीस सेकंदं निवडली. ती चाळीस सेकंदं आम्ही सोळा वेळा ऐकली. हिराबाई आलाप घेऊन जरा कुठे बोलाकडे वळतात, की काका ‘नवा!’ म्हणून ओरडत आणि हिराबाईंना पुन्हा दारात नेऊन उभं करत. सोळापैकी नऊ बरोबर. काकांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं नाही. तेवढ्यात काकू वही मिटत म्हणाल्या, ‘झालं का तुमचं? आता बाईंचं गाणं एकदा पुरं लावा की. चार दिवस नुसतं तोंड ऐकतेय.’

गाणं पुरं लागलं. चादरीखाली कोणती पेटी चालू होती, हे कोणी विचारलं नाही.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. सोमवारी काकांनी पेटी परत केली. दुकानदार रागावला नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘काका, दोष प्रीॲम्पचा नाही. तुमचा पॉवर ॲम्प त्या दर्जाचा नाही, म्हणून फरक उमटला नाही. आधी तो बदला.’ म्हणजे मुलगा परीक्षेत नापास झाला, तर शाळा म्हणते आधी घर बदला. शिवाय जाता जाता तो एक वाक्य बोलला: ‘कान तयार व्हायला वेळ लागतो.’ पन्नास वर्षं गाणं ऐकलेल्या माणसाला! पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात थंडीत कांबळं पांघरून पहाटेची भैरवी ऐकलेल्या माणसाला! काकांची ठेव वाचली, पण आता ते स्वतःच्याच पॉवर ॲम्पकडे, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्याच कानांकडे, संशयाने बघतात.

माझा खरा राग इथे आहे. पैसा गेला तर पगाराला परत येतो. पण एखाद्या माणसाला गाणं ऐकून आनंद होत होता, त्याला ‘हा खरा आनंद नव्हे, खरा आनंद पुढच्या मॉडेलमध्ये आहे’ असं पटवणं, ही उघड घरफोडी आहे. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभराहून अधिक काळ पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी माडगूळकर-फडक्यांच्या गीतरामायणाची ५६ गीतं झाली. ती लोकांनी मध्यम लहरींवर ऐकली. त्यातून सुमारे पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नव्हतं. पेटी एक, स्पीकर एक, आणि भोवती दाटीवाटीने बसलेली अख्खी चाळ. त्या माणसांना जे ऐकू आलं, ते आजच्या सुधारकाला दोन पेट्या वेगळ्या करूनही ऐकू येत नाही, कारण तो रामायण ऐकतच नाही. तो सीतेच्या मागची पार्श्वभूमी किती काळी आहे ते ऐकतो. आणि ते ऐकताना खोलीत दुसरं कोणी चालत नाही. बायकोने बांगडी वाजवायची नाही, पोराने दार उघडायचं नाही. जे गाणं चाळीला एकत्र बसवत होतं, ते आता घरातल्या चौघांना चार खोल्यांत पाठवतं.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. एक: ॲम्प्लिफायर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात एक सोलापुरी चादर आणि एक मीटर सक्तीने ठेवावा; आवाज जुळवून, चादरीखाली, सोळांत बारा ओळखता आले तरच पावती फाडावी. दोन: नव्या ॲम्प्लिफायरचा विचार मनात आला, की आधी खुर्ची सरकवावी, स्पीकर सरकवावा, पंखा बंद करावा आणि त्याच पैशांत दहा-वीस मैफलींची तिकिटं किती येतात याचा हिशेब करावा. तीन: तुलना सुरू करण्यापूर्वी गाणं एकदा पुरं ऐकावं, घरातल्या सगळ्यांनी मिळून.

हा सल्ला मी कुठलंही कमिशन न घेता देतो आहे, आणि म्हणूनच तो कोणी मानणार नाही, हेही मला ठाऊक आहे. सुधारकांच्या जगात मागे किंमतीची चिठ्ठी लावल्याशिवाय काहीच चांगलं वाजत नाही.